श्रेष्ठ चित्रपट आणि हृदयस्पर्शी चित्रपट : एका मूल्यविवादाची चिकित्सा

सारांश

आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता आणि मनाला सर्वाधिक भिडणारा चित्रपट कोणता, हे दोन प्रश्न भिन्न असूनही चर्चेत ते एकच असल्यासारखे वापरले जातात. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी घेतलेल्या मतचाचणीच्या आधारे प्रस्तुत लेखात या संभ्रमाची चिकित्सा केली आहे. रससिद्धान्तातील साधारणीकरणाची संकल्पना आणि रा. भा. पाटणकर यांनी मांडलेले लौकिकतावादी-अलौकिकतावादी हे द्वंद्व यांच्या साहाय्याने, हेलावून टाकण्याची शक्ती हा श्रेष्ठत्वाचा निकष कोणत्या अटीवर ठरू शकतो, याचा शोध घेतला आहे.

बीजसंज्ञा : चित्रपट रसास्वाद, करुणरस, साधारणीकरण, लौकिकतावाद, अलौकिकतावाद, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

चित्रपटाविषयीची चर्चा कोणत्याही वाटेने निघाली, तरी ती बहुधा एका प्रश्नापाशी येऊन ठेपते : आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? उत्तर देताना मात्र बोलणारे निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. एक जण 'सिटिझन केन'चे नाव घेतो आणि त्यातील छायाचित्रणाविषयी, कथनाच्या रचनेविषयी बोलतो. दुसरा 'बायसिकल थीव्ह्ज'चे नाव घेतो आणि शेवटच्या दृश्यात मुलाने बापाचा हात कसा धरला, हे सांगताना त्याचा आवाज जड होतो. पहिला कृतीच्या गुणांविषयी बोलत असतो, दुसरा स्वतःला आलेल्या अनुभवाविषयी. आपण एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहोत असे दोघांनाही वाटत असते आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

साहित्याच्या क्षेत्रात हा पेच मराठी समीक्षेला नवा नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) या ग्रंथाद्वारे कलाकृतीचे मोठेपण हा स्वतंत्र विचाराचा विषय केला. पुढे रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये कलेविषयीच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांची सविस्तर छाननी केली. चित्रपटाच्या श्रेष्ठत्वाचा वाद मात्र अद्याप आवडीनिवडीच्या पातळीवरच रेंगाळताना दिसतो. हा वाद केवळ रसिकांच्या गप्पांपुरता असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु कोणते चित्रपट अभ्यासक्रमात नेमले जातात, कोणत्या चित्रपटांच्या प्रती जतन केल्या जातात आणि विद्यार्थ्याला 'अभिजात' म्हणून काय दाखविले जाते, हे अखेर अशाच वादांतून ठरत असते. म्हणून त्यामागील निकष तपासणे आवश्यक ठरते.

२. यादीचा इतिहास : निकषांचे स्थित्यंतर

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने १९५२ मध्ये समीक्षकांकडून प्रत्येकी दहा चित्रपटांची नावे मागविली. त्या पहिल्या चाचणीत व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) ला २५ मते मिळून तो पहिला आला. चार्ली चॅप्लिन यांचे 'सिटी लाइट्स' (१९३१) आणि 'द गोल्ड रश' (१९२५) हे दोन चित्रपट प्रत्येकी १९ मतांसह दुसऱ्या स्थानी होते. म्हणजे महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगातील समीक्षकांनी अग्रस्थानी ठेवलेले तिन्ही चित्रपट गरीब, एकाकी माणसाच्या दुःखाला सामोरे जाणारे होते. अवघ्या चार वर्षांपूर्वीचा चित्रपट त्यांनी सर्वश्रेष्ठ ठरविला, यात त्यांच्या काळजाचा कौल स्पष्ट दिसतो.

दहा वर्षांनी चित्र पालटले. १९६२ मध्ये ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) पहिला आला आणि मिकेलांजेलो आंतोनिओनी यांचा 'लाव्हेंतुरा' (१९६०) दुसरा. १९७२ च्या चाचणीत 'बायसिकल थीव्ह्ज' पहिल्या दहांतूनही बाहेर गेला. 'केन'ने १९६२, १९७२, १९८२, १९९२ आणि २००२ अशा सलग पाच चाचण्यांत पहिले स्थान राखले. या काळात चित्रपट ही विद्यापीठात अभ्यासण्याची कला बनली होती. दिग्दर्शकाची शैली, प्रतिमेची रचना, कथनतंत्र हे चर्चेचे विषय झाले होते. दे सिका यांच्या चित्रपटात या काळात कोणतेही न्यून निर्माण झाले नव्हते. बदलला होता तो मत देणाऱ्यांचा निकष.

२०१२ मध्ये ८४६ जणांनी मते दिली आणि आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो' (१९५८) ने १९१ मते मिळवून 'केन'ला (१५७ मते) मागे टाकले. २०२२ मध्ये मतदारांची संख्या १,६३९ पर्यंत वाढविण्यात आली, त्यांत निरनिराळ्या देशांतील व पार्श्वभूमींच्या जाणकारांना स्थान मिळाले, आणि शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा, एका गृहिणीच्या तीन दिवसांचा 'जान दिएलमान' (१९७५) पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट या यादीच्या शिरोभागी येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यावर अनुकूल-प्रतिकूल बरेच लिहिले गेले. परंतु १९५२ ते २०२२ हा सत्तर वर्षांचा पट एकत्र पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, ही यादी चित्रपटांची क्रमवारी असली तरी मतदार कोण होते आणि त्यांच्या काळाला काय महत्त्वाचे वाटत होते, याचीही ती नोंद आहे. दोन, यादीचा लंबक मानवी करुणा आणि रूपसिद्धी या दोन टोकांमध्ये हलत राहिला आहे.

या हेलकाव्यांतही काही चित्रपट मात्र टिकून राहिलेले दिसतात. यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) हा त्यांपैकी प्रमुख. जपानबाहेर तो उशिरा पोहोचला. न्यूयॉर्कमध्ये त्याचे रीतसर प्रदर्शन १९७२ मध्ये झाले. १९९२ मध्ये तो समीक्षकांच्या यादीत तिसरा होता, २०१२ मध्ये पुन्हा तिसरा आणि २०२२ मध्ये चौथा. २०१२ च्या दिग्दर्शकांच्या स्वतंत्र चाचणीत तर तो पहिला आला. निकष बदलत असताना एखादी कृती का टिकते, हा प्रश्न म्हणूनच क्रमवारीपेक्षा अधिक उद्बोधक आहे.

३. तात्त्विक चौकट

पाटणकरांच्या विवेचनानुसार अलौकिकतावादी भूमिका कलाकृतीला स्वायत्त मानते. तिचे मूल्य तिच्या घाटात, अंतर्गत संबंधांत शोधते. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे याच दिशेची होत. लौकिकतावादी भूमिका कलेचा जीवनाशी असलेला संबंध, तिच्यातील भावना, ज्ञान आणि नीती यांना मूल्यमापनात स्थान देते. साहित्याची संकल्पना द्विध्रुवात्मक आहे, यांपैकी कोणत्याही एकाच ध्रुवाने तिचा उलगडा होत नाही, हा पाटणकरांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. 'सर्वश्रेष्ठ' आणि 'हृदयस्पर्शी' यांच्यातील वाद या द्वंद्वाचेच चित्रपटातील रूप मानता येईल.

परंतु दोन्ही ध्रुव मान्य केल्याने प्रश्न संपत नाही. डोळ्यांत पाणी तर बातमी वाचूनही येते. मग कलाकृतीतून आलेल्या आणि प्रत्यक्ष आघातातून आलेल्या अश्रूंत भेद कोणता? भारतीय काव्यशास्त्राने हा भेद काटेकोरपणे सांगितला आहे. शोक हा स्थायिभाव आहे, करुण हा रस आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून भावाचे रसात रूपांतर होते, असे भरताचे सूत्र सांगते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनात या प्रक्रियेला साधारणीकरणाची जोड मिळते : दुःख ना केवळ पात्राचे राहते, ना प्रेक्षकाचे खासगी, ते सर्वांचे होते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक आहे. ज्या चित्रपटाने प्रेक्षकाला त्याचे स्वतःचे दुःख आठवून रडविले, त्याने भाव जागविला. रस सिद्ध केला की नाही, हे अजून ठरायचे आहे.

मराठीत चित्रपटाच्या डोळस आस्वादाला 'चित्रपट रसास्वाद' म्हटले जाते, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. शब्द रूढ झाला, परंतु त्यातील 'रस' या घटकाचा विचार मागे पडला. तो पुढे आणल्यास वरील वादाला निश्चित निकष मिळू शकतो.

४. करुणाची घडण : तीन उदाहरणे

'बायसिकल थीव्ह्ज'चे कथानक चार वाक्यांत सांगता येते. युद्धोत्तर रोममध्ये बेकार असलेल्या आंतोनिओला भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळते. त्यासाठी सायकल हवी. ती गहाणातून सोडविण्यासाठी पत्नी मारिया घरातील चादरी गहाण टाकते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर ती शोधतात, आणि अखेर बापच एक सायकल चोरू पाहतो व पकडला जातो. हे सारे केवळ एका कुटुंबाचे दुर्दैव म्हणून राहिले असते. तसे ते राहत नाही, कारण दे सिका एका दृश्यात त्याचा व्याप दाखवून देतात : गहाणखान्यातील माणूस मारियाच्या चादरींचे गाठोडे घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, आणि त्या फळ्या अशाच असंख्य गाठोड्यांनी छतापर्यंत भरलेल्या असतात. कोणीही काही बोलत नाही. एका घराच्या चादरी सबंध शहराच्या होतात. साधारणीकरण ही संकल्पना दृश्य माध्यमात कशी अवतरते, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच आढळेल. शेवटी सायकलचा मालक रडणाऱ्या मुलाकडे पाहून आंतोनिओला सोडून देतो. मुलगा बापाचा हात धरतो आणि दोघे गर्दीत मिसळून जातात. आंतोनिओची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे कारखान्यातील कामगार होते, व्यावसायिक नट नव्हते. परंतु वास्तवाचा हा भास काटेकोर रचनेतून साधलेला आहे, हे विसरता येणार नाही.

'टोकियो स्टोरी'त ओनोमिची येथील वृद्ध दांपत्य मुलांना भेटायला टोकियोला जाते. डॉक्टर असलेला मुलगा आणि केशभूषागृह चालविणारी मुलगी आपापल्या कामात गुंतलेली. आईवडिलांना ती आतामीच्या गजबजलेल्या विश्रांतिस्थळी धाडून मोकळी होतात. आपलेपणाने त्यांचे करते ती युद्धात पती गमावलेली सून, नोरिको. परतल्यावर आईचा मृत्यू होतो. या कथेत खलपुरुष नाही. मुले वाईट नाहीत, केवळ व्यग्र आहेत, आणि दुःखाचे मूळ नेमके तेथेच आहे. ओझू यांचा कॅमेरा जमिनीलगत बसलेल्या माणसाच्या उंचीवर, जवळजवळ निश्चल असतो. पत्नी गेल्यानंतर वृद्ध पती पहाट पाहत उभा राहतो आणि आजचा दिवस उकाड्याचा जाणार, एवढेच म्हणतो. शोकाचा उच्चार टाळल्यामुळे तो प्रेक्षकाच्या मनात पूर्ण होतो. येथील संयम हा शैलीचा अलंकार ठरत नाही, तर करुणरसाची अटच ठरतो. लौकिक आणि अलौकिक हे दोन्ही ध्रुव येथे वेगळे काढताच येत नाहीत. निकष बदलूनही हा चित्रपट टिकून राहण्याचे कारण येथे सापडते.

सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनमधील वास्तव्यात 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि त्या प्रेरणेतून त्यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) चा निश्चय पक्का झाला. या चित्रपटाला १९५६ च्या कान महोत्सवात सर्वोत्तम मानवी दस्तऐवज म्हणून गौरविण्यात आले. त्यातील दुर्गाच्या मृत्यूनंतरचे दृश्य प्रस्तुत संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. हरिहर दीर्घकाळाने घरी परततो. त्याला काहीच ठाऊक नसते. आणलेल्या वस्तू दाखविता दाखविता तो दुर्गासाठी घेतलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. तिचा बांध फुटतो; परंतु तिचा हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी रविशंकर यांच्या संगीतातील तारशहनाईचा उंच स्वर येतो. एका आईचा आवाज काढून घेतला जातो आणि त्यामुळेच ते रडणे एकट्या सर्वजयेचे उरत नाही. पुढे अपूला दुर्गाने चोरलेली माळ सापडते. तो ती तळ्यात फेकतो आणि दुभंगलेले शेवाळ पुन्हा मिटते. मृत बहिणीवरचा आळ लहान भाऊ कायमचा झाकून टाकतो. सतीश बहादूर यांनी पुण्यात चित्रपट रसास्वादाचे अध्यापन करताना याच चित्रपटाच्या सूक्ष्म विश्लेषणावर भर दिला, तो उगीच नव्हे.

५. संभाव्य आक्षेप

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 'केन'सारखे चित्रपट केवळ बुद्धीला आवाहन करतात, मग त्यांचे श्रेष्ठत्व या निकषात कसे बसावे? परंतु 'केन'विषयीची ही समजूतच तपासून पाहायला हवी. लहानगा चार्ल्स बाहेर बर्फात खेळत असतो आणि आत त्याची आई त्याला दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या कागदांवर सही करते. ग्रेग टोलंड यांच्या खोलवर स्पष्ट राहणाऱ्या छायाचित्रणामुळे खिडकीतून दिसणारा मुलगा आणि टेबलापाशी बसलेली आई एकाच चौकटीत दिसतात. ज्या तंत्राचे पाठ्यपुस्तकांत कौतुक होते, ते तंत्र येथे ताटातुटीचे दुःख दाखविण्याच्या कामी आलेले आहे. त्याच बालपणाची घसरगाडी अखेरीस अडगळ म्हणून भट्टीत जळते. 'जान दिएलमान'मध्येही बटाटे सोलणे, भांडी घासणे यांची यंत्रवत शिस्त प्रेक्षकाच्या इतकी अंगवळणी पडते, की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात एवढ्या लहानशा चुकीने तो अस्वस्थ होतो. हे हेलावणे अश्रूंच्या रूपाने प्रकट होत नाही, म्हणून त्याची प्रत कमी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संयमाला एवढे मोल देणे म्हणजे अभिजनांची अभिरुची सर्वांवर लादणे नव्हे काय? जे सामान्य प्रेक्षक, विशेषतः स्त्रिया, मोकळेपणाने रडतात, त्यांच्या अनुभवाला मग काही किंमतच नाही का? या प्रश्नाचे उत्तर मराठी चित्रपटाच्या संदर्भात शोधणे सोयीचे ठरेल.

६. मराठी संदर्भ

साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित, आचार्य अत्रे दिग्दर्शित 'श्यामची आई' (१९५३) ला १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अश्रू ही त्याची ओळखच बनली. चार दशकांनी आलेला विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१) हाही स्त्रीप्रेक्षकांच्या अश्रूंसाठी ओळखला गेला. मात्र समीक्षकांच्या लेखी तो चेष्टेचा विषय झाला. ही चेष्टा अनुचित होती. सासरी छळल्या जाणाऱ्या स्त्रीचे दुःख पडद्यावर पाहून रडणाऱ्या स्त्रियांचे अनुभव खरे होते आणि ते मांडण्यास त्यांना दुसरी जागा नव्हती. तथापि अनुभवाचा खरेपणा मान्य करणे वेगळे आणि कृतीचे मूल्य ठरविणे वेगळे. 'माहेरची साडी' प्रसंगागणिक संवादांतून व संगीतातून दुःखाची जाणीव करून देतो. प्रेक्षकाने शोधावे असे फारसे काही शिल्लक ठेवीत नाही. त्यामुळे तेथे प्रामुख्याने भाव जागृत होतो. येथे दोष संयमाच्या अभावाचा नाही, दुःखाच्या व्यक्तिगततेतून बाहेर पडण्याची वाट न सापडल्याचा आहे.

संयम हाच एकमेव मार्ग नाही, हे प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) वरून सिद्ध होते. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल दिग्दर्शित या चित्रपटाचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. त्यात अभंग आहेत, चमत्कार आहेत, भावनेचा मोकळा उच्चार आहे. तरीही तो आळवणीत अडकत नाही, कारण विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामासमोर गौरी यांची जिजाई उभी आहे. मुलांच्या पोटाची चिंता वाहणारी, विठ्ठलाशी थेट भांडायला उठणारी जिजाई भक्तीला व्यवहाराचा प्रश्न विचारते आणि चित्रपट तिला हास्यास्पद ठरवीत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत, येथे विरोध आणि समतोल ही दोन्ही तत्त्वे कार्यरत आहेत. तुकाराम वैकुंठाला जातो, जिजाई मागे उरते. प्रेक्षकाचे मन भक्तीच्या कृतार्थतेने भरून येत असतानाच तिच्या एकटेपणानेही हेलावते. गीता कपूर यांनी या चित्रपटाच्या सन्मुख प्रतिमारचनेचे विश्लेषण करून, त्यातील भक्तिभाव रूपाशी कसा निगडित आहे हे दाखवून दिले आहे.

असा चित्रपट जागतिक याद्यांत दिसत नाही. २०२२ च्या समीक्षकांच्या पहिल्या शंभरांत भारतीय चित्रपट एकच आहे, 'पथेर पांचाली'. याचा अर्थ इतर कृती त्या तोडीच्या नाहीत असा लावणे घाईचे ठरेल. मत मिळण्यासाठी चित्रपट आधी पाहिला जावा लागतो, आणि पाहिला जाण्यासाठी तो शिल्लक असावा लागतो. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चा काही भागच आज उपलब्ध आहे. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत अस्तित्वात नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बरेच काही नष्ट झाले होते. 'टोकियो स्टोरी'लाही परदेशी समीक्षकांच्या पहिल्या दहांत पोहोचण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. उपलब्धता आणि श्रेष्ठता यांची गल्लत करणे, हा याद्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला दोष आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या याद्या मतदारांच्या काळाचे आणि निकषांचे दस्तऐवज म्हणून अभ्यासाव्यात. अंतिम निवाडा म्हणून त्या स्वीकारू नयेत.

(आ) हेलावून टाकण्याची शक्ती हा श्रेष्ठत्वाचा वैध निकष आहे, मात्र एका अटीवर : जागविलेले दुःख पात्राच्या आणि प्रेक्षकाच्या खासगीपणातून मुक्त झाले पाहिजे, आणि ही मुक्ती कृतीच्या घडणीत दाखवून देता आली पाहिजे. गहाणखान्यातील फळ्या, पहाटेविषयीचे एक वाक्य, हंबरड्याच्या जागी आलेली तारशहनाई ही अशी दाखविता येण्याजोगी स्थळे आहेत.

(इ) संयम हा या मुक्तीचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. 'संत तुकाराम'सारखी कृती भावनेचा मोकळा उच्चार करूनही तेथे पोहोचते.

(ई) अभ्यासक्रमासाठी चित्रपट निवडताना केवळ परदेशी याद्यांवर विसंबणे इष्ट नाही. वर्गात चित्रपट पाहताना एखाद्या विद्यार्थ्याचे डोळे भरून आले आणि तो संकोचाने मान खाली घालून बसला, तर अध्यापनाची सुरुवात तेथूनच व्हावी. नेमक्या कोणत्या चौकटीपाशी, कोणत्या ध्वनीपाशी हे घडले, हे त्याला शोधता आले, की भावाकडून रसाकडे जाणारी वाट त्याची त्यालाच दिसू लागते. श्रेष्ठत्वाचा वाद त्यानंतर करावा. तेव्हा तो अधिक फलदायी होईल.